वाचक विचारतात: गारठ्यातली जुनी स्पोर्ट्स कार

दिवाळी सरली की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. उन्हाळ्यात ‘गाडी हीट होते’ असे लिहिणारेच आता ‘पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसली’ असे लिहू लागतात. मराठवाड्यात बर्फ पडत नाही आणि रेडिएटर गोठत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे ६-७ अंश आणि दुपारी २८-३० अंश असा फरक एकाच दिवसात पडतो, वर दहिवर आणि धुई. ज्यांची जुनी गाडी रोज कामावर जाते त्यांना नुसती थंडी फारशी नडत नाही. नडतो तो हा फरक आणि कधीच पुरते न तापणारे इंजिन. विलायती मॅन्युअलमधला हिवाळ्याचा धडा म्हणून आपल्याला जसाच्या तसा लागत नाही, आणि आपल्या मिस्तरींच्या उन्हाळी युक्त्या हिवाळ्यात उलटतात. यंदाची निवडक पत्रे आणि उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न: माझ्याकडे १९६८ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. रोज १८ किलोमीटर जाणे-येणे करतो. नोव्हेंबरपर्यंत अर्ध्या सेल्फला उठणारी गाडी आता पहाटे चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय धरत नाही. अॅक्सिलरेटर पंप करूनही उपयोग होत नाही. धरली तरी पहिले दोन किलोमीटर आचके देत चालते. चोक बदलावा का? — एक वाचक, परभणी

उत्तर: चोक बदलू नका. आधी अॅक्सिलरेटर पंप करणे थांबवा, त्याने काहीच होत नाही. तुमच्या गाडीवर एसयूचे दोन कार्बोरेटर आहेत आणि एसयूला अॅक्सिलरेटर पंपच नसतो. पेडल दाबल्यावर फक्त झडप उघडते, हवा वाढते आणि मिश्रण आणखी पातळ होते. एसयूच्या चोकला बटरफ्लायही (हवा अडवणारी चकती) नाही. नॉब ओढला की खालची जेट काही मिलिमीटर खाली उतरते आणि सुईभोवतीची फट वाढून जास्त पेट्रोल येते. म्हणून पहिली तपासणी अशी करा: एअर क्लीनर काढा, कुणाला तरी चोक ओढायला सांगा आणि टॉर्च घेऊन खालून बघा. दोन्ही जेट सारख्याच उतरतात का? बहुतेक वेळा एक उतरते आणि दुसरी केबलच्या ढिलाईमुळे जागची हलत नाही. मग दोन सिलिंडर धरतात आणि दोन नुसते फिरतात, तुम्ही सांगता तसे.

पहाटेचा क्रम असा ठेवा. चावी फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या बाजूचा इलेक्ट्रिक पंप टक-टक-टक वाजेल. रात्रभरात फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडालेले असते, ते भरू द्या. आवाज मंदावला, जवळजवळ थांबला, की चोक पूर्ण ओढा, क्लच दाबा आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढून सेल्फ मारा. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधले थंड, घट्ट तेल घुसळण्याचे ओझे सेल्फवर पडत नाही. इंजिनने धरले की चोक अर्ध्यावर आणा आणि मिनिटभरात निघा. जागेवर दहा-दहा मिनिटे तापवत बसणे हा जुना रिवाज आहे, पण तो इंजिनाच्या मुळावर येतो. चोकचे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. २,५०० आरपीएमच्या आत हलक्या पायाने चालवलेली गाडी लवकर आणि सगळीकडून तापते. एक लक्षात असू द्या: पाण्याचा काटा आठ-दहा मिनिटांत जागेवर येतो, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. काटा वर आला म्हणून लगेच गाडी पिळू नका.

आता आचक्यांबद्दल. तुमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. कार्बोरेटरला हे कळायला सेन्सर नाही. जुन्या सेटिंगवर तो तुम्हाला साताठ टक्के पातळ मिश्रण देतो. उन्हाळ्यात हे खपून जाते, थंड इंजिनात उघडे पडते. इंजिन पूर्ण तापवून प्रत्येक कार्बोरेटरच्या बाजूची पिस्टन उचलण्याची पिन अंदाजे १ मिलिमीटर वर ढकला. इंजिन पडायला लागले तर मिश्रण पातळ. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर जाड. क्षणभर वाढून परत जागेवर आले तर बरोबर. पातळ असेल तर जेटखालचा सहा बाजूंचा नट एका वेळी एकच बाजू फिरवून जेट खाली घ्या, दोन्हीकडे सारखे. दोन ते चार बाजूंमध्ये काम होते. त्यापुढे जावे लागत असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि थ्रॉटल स्पिंडलचे झिजलेले भोक बघा.

शेवटी दोन्ही कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या काळ्या टोप्या उघडा. आतल्या डॅम्परमध्ये तेल आहे का? टोपी परत बसवताना शेवटच्या ५-६ मिलिमीटरला बोटाला अडकल्यासारखे लागले पाहिजे. नाही लागले तर इंजिनचेच २०डब्ल्यू-५० तेल थोडे थोडे घाला. डॅम्पर कोरडा असेल तर पाय दाबताच कार्बोरेटरमधला पिस्टन उडी मारतो, मिश्रण पातळ पडते आणि आचका बसतो. तुमच्या तक्रारीतला निम्मा दोष इथेच सापडेल असा आमचा अंदाज आहे. त्याच हाताने इतर मापेही बघा: पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५, आणि टॅपेट थंड इंजिनावर ०.०१५. टॅपेटची फट दर वेळी कमी झालेली आढळली तर बिनशिशाच्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीटा खचत आहेत असे समजा. सीटांचे काम हेड उतरवल्याशिवाय होत नाही, पण त्याची घाई नसते.

प्रश्न: गाडी स्पोर्ट्स कार नाही, प्रीमियर पद्मिनी आहे, पण मुलाने स्पोर्ट्स बनवली आहे: मूळ एअर क्लीनरचा डबा काढून उघडा गोल फिल्टर, रुंद टायर वगैरे. पहाटे गाडी एका सेल्फला सुरू होते. चार-पाच किलोमीटर गेल्यावर पिकअप जातो, मिसिंग होते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की काही झालेच नाही अशी सुरू होते. पेट्रोल पंप, कॉइल आणि कंडेन्सर बदलून झाले. दुपारी कधीच त्रास नाही. — एक वाचक, जालना

उत्तर: तिन्ही पार्ट चांगले होते, पैसे गेले. कार्बोरेटरमध्ये बर्फ होतो आहे.

हसू नका. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते आणि कार्बोरेटरच्या गळ्यातले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशांनी खाली जाऊ शकते. इथेनॉलला वाफ होण्यासाठी किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे नव्या पेट्रोलवर हा त्रास वाढतो. बाहेर ८-१० अंश आणि धुई असेल तर हवेतला ओलावा झडपेच्या कडेला आणि आयडल जेटच्या भोकाशी बर्फ होऊन बसतो. कोरड्या कडक थंडीत हे इतके होत नाही. आपल्या पहाटेची ओली, मध्यम थंडीच त्याला पोषक असते. गाडी थांबली की इंजिनची धग वर चढते, बर्फ वितळतो, पाणी गळून जाते आणि पुरावा उरत नाही. म्हणूनच मिस्तरीकडे नेईपर्यंत गाडी शहाणी झालेली असते. खात्री करायची तर बंद पडताक्षणी बॉनेट उघडून, फिल्टर काढून गळ्यात टॉर्च मारा. झडपेच्या कडेला पांढरी कातरण दिसेल, आणि कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब.

मूळ डबा काढला तिथे गोम आहे. डब्याच्या तोंडातून येणारी हवा इंजिनच्या अंगाने थोडी शेकून यायची. उघडा फिल्टर ग्रिलमधून येणारी गार, ओली हवा थेट पितो. डबा परत बसवा. तो भंगारात गेला असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याची साधी टोपी करून तिथून ५० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा लवचिक पाइप फिल्टरच्या तोंडापर्यंत आणा. पाइप पेट्रोलच्या नळीला किंवा वायरिंगला टेकता कामा नये. महाशिवरात्र झाली की तो काढून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये गरम हवेने इंजिन नॉकिंग करील आणि तुम्ही पुन्हा आम्हालाच पत्र लिहाल.

मुलाला रुंद टायर आवडत असतील तर असू द्यात. फिल्टरवर मात्र तडजोड नको.

प्रश्न: काँटेसा क्लासिक, १.८ इसुझू पेट्रोल. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट पिवळा चिकट फेस जमतो आहे. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट गेले असे सांगून मोठा आकडा काढला आहे. गाडी गरम होत नाही. उलट काटा ‘सी’च्या वर फारसा जातच नाही. घर ते दुकान पाच किलोमीटर. — एक वाचक, लातूर

उत्तर: दुसऱ्या गॅरेजात जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: मागच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता का? उत्तर ‘हो’ येईल. मराठवाड्यात मे महिन्यात थर्मोस्टॅट काढणे हा गाडीच्या कामातला जणू धर्मच झाला आहे.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटरच पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून जाते, पण थोडे पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या बाजूलाही उतरते. इंजिन नीट तापले तर तेही उडून जाते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन जानेवारीच्या सकाळी पाच किलोमीटरात कोमटच राहते. ऑइल तर गारच. मग वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणाला आणि व्हॉल्व्ह कव्हरला, जाऊन पाणी होते आणि ऑइलशी घुसळून तो फेस बनतो.

हेड गॅस्केटचा संशय फेडायला पंधरा मिनिटे पुरतात. डिपस्टिक काढून पुसा आणि परत बघा. तिच्यावरचे ऑइल नेहमीच्या रंगाचे असेल आणि फेस फक्त झाकणाला असेल तर गॅस्केट ठीक आहे. डिपस्टिकवरचेच ऑइल दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर गॅरेजवाला खरे बोलतो आहे. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करा आणि पाण्याकडे बघा. बुडबुडे सतत येत राहिले तर वाईट, सुरुवातीला एक-दोन येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. आणि आठवडाभर रोज सकाळी पाण्याची पातळी बघा. पाणी कमी होत नसेल तर हेड उघडू देऊ नका.

सायलेन्सरच्या धुराचे म्हणाल तर पहिली पाच मिनिटे पांढरी वाफ निघणे थंडीत नैसर्गिक आहे. गाडी तापल्यावरही ती चालूच राहिली आणि पाणीही उतरत असेल तरच घाबरा. सुरू करताना निळसर धूर व्हॉल्व्ह सीलचा, काळा धूर अडकलेल्या चोकचा.

थर्मोस्टॅट आणा. बहुतेक गाड्यांना ८२ अंशांचा असतो, पण जुना हाती असेल तर त्याच्यावर कोरलेला आकडा वाचून तोच घ्या. बसवण्याआधी घरी तपासा. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याला बांधून मध्ये लोंबता सोडा, बुडाला टेकू देऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर पाण्यात धरा. ८० च्या पुढे झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत ७-८ मिलिमीटर उघडली पाहिजे. सुरुवातीपासून उघडा असेल किंवा उकळत्या पाण्यातही मिटलेला राहिला तर परत करा. त्याच्या चकतीवर एक हलती पिन असते. बसवताना ती वरच्या बाजूला ठेवा, अडकलेली हवा तिथून निघते.

उन्हाळ्यात तो काढू नका. काढल्याने गाडी थंड राहत नाही. गाडी खरोखर गरम होत असेल तर त्याचे कारण बहुधा रेडिएटरमध्ये बसलेला क्षार असतो, आणि तो आपल्या बोअरच्या पाण्याने बसतो. भांड्याला बसणारा जो पांढरा थर घरात दिसतो, तोच आत नळ्यांमध्ये धरतो. डिमिनरलाइज्ड पाणी बॅटरीच्या दुकानात कॅनने मिळते. त्यात एक तृतीयांश कूलंट मिसळा. कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून असते असे समजून लोक ते घेत नाहीत. आपल्याला ते गंजापासून बचावासाठी आणि उकळण्याचा बिंदू वाढवण्यासाठी लागते. तुमच्या इंजिनचे हेड अॅल्युमिनियमचे आहे, तेव्हा रेडिएटरवाल्याला इंजिनात अॅसिड मारू देऊ नका. रेडिएटर काढून वेगळा साफ करायला सांगा.

हे सगळे झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि आठवड्यातून एकदा गाडी तीस-चाळीस किलोमीटर एका दमात चालवा. पाच किलोमीटरच्या खेपा हाच नेम असेल तर ऑइल ५,००० ऐवजी ३,००० किलोमीटरला बदला.

प्रश्न: थंडीसाठी २०डब्ल्यू-५० सोडून ५डब्ल्यू-३० घालू का? आणि सकाळी दुसरा गिअर पडताना खरखरतो. — एक वाचक, परळी

उत्तर: नको. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर घेतलेली असते. तुमची पहाट त्याच्या खिजगणतीत नाही. जुन्या इंजिनात बेअरिंगची फट मोठी असते. पातळ तेलाने गरम आयडलला ऑइलचे प्रेशर घटते आणि सीलमधून गळती सुरू होते.

दुसऱ्या गिअरचे कारण गिअर ऑइल असू शकते. पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ऐवजी जीएल-४ प्रतीचे घाला, मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइल सांगितले असेल तर तेच. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने पितळ खातात, आणि ते जास्तच निसरडे असल्याने सिंक्रो पकड घेत नाही. तोवर पहिले दोन किलोमीटर पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना न्यूट्रलला एक श्वास थांबा.

प्रश्न: सॅन स्टॉर्म आहे, कापडी टपाची. सकाळी हेडलाइट पिवळे पडतात, इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचे दिवेही लुकलुकतात. बॅटरी नवी आहे. पहाटे दहिवराने टप भिजतो आणि काचेवर आतून इतका दमट थर येतो की रस्ता दिसत नाही. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: इंडिकेटरबरोबर दुसरे दिवे लुकलुकणे हे अर्थिंग गेल्याचे लक्षण आहे. लोखंडी बॉडीच्या गाडीत बॉडीच अर्थचे काम करते. तुमची बॉडी फायबरची आहे, तिच्यातून वीज जात नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर आहे आणि त्या एकत्र येतात तिथले नटबोल्ट दहिवराने हिरवट गंजतात.

मल्टीमीटर घ्या. हेडलाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे बल्बच्या अर्थच्या पिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर ती वायर आणि तिचा बोल्ट साफ करा: पॉलिश पेपरने घासा, कात्रेदार वॉशर घाला, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. मग बॅटरीचे व्होल्टेज आणि बल्बच्या दोन पिनांमधले व्होल्टेज मोजा. दोघांत १ व्होल्टहून अधिक फरक असेल तर स्विचमधून जाणारा करंट रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच) लावून वाचवा: हाय आणि लोला एकेक ३० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, वाटेत फ्यूज. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी पडले तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. हे आधी करा आणि मग बघा, जादा वॅटचा बल्ब लागणारच नाही. ऊसतोडीच्या दिवसांत केज-अंबाजोगाई भागात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या पहाटे रस्त्यात उभ्या असतात आणि तुमची नजर ट्रॅक्टरच्या चाकाच्या उंचीवर असते. उजेडात काटकसर नको.

काच दमट होते कारण गाडीत पाणी आहे. पायपुसण्याखालचा गालिचा उचलून हात लावा. ओला लागला तर टपाची कडेची रबरे आणि दाराखालची निचऱ्याची भोके बघा. गालिचा दुपारच्या उन्हात वाळवा. काच आतून साध्या पाण्याने आणि नंतर कोरड्या सुती फडक्याने पुसा. डॅशबोर्डच्या पॉलिशचा तेलकट थर असला की दमटपणा दुप्पट धरतो. चालवताना दोन्ही काचा बोटभर खाली ठेवा. थंडी लागेल, पण रस्ता दिसेल.

टप ओला असताना दुमडू नका, शिवणी कुजतात. मागची पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी पहाटे ताठ असते. तशीच दुमडली तर तिला घडीवर तडा जातो. टप उघडायचा तर दहा वाजल्यानंतर, उन्हाने ती मऊ पडल्यावर.

प्रश्न: स्टँडर्ड हेरल्ड, रोज नांदेड-अर्धापूर. कारखान्याजवळच्या वळणावर रस्ता दहिवराने आणि चिखलाने ओला असतो. ब्रेक न मारता नुसता पाय सोडला तरी मागची बाजू फेकली जाते. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत एक जादा पट्टा टाकून घेतला, तरी फरक नाही. — एक वाचक, नांदेड

उत्तर: फरक पडला आहे, तो वाईट दिशेने. तो पट्टा काढून टाका.

हेरल्डचा मागचा अॅक्सल सरळ दांडा नाही. दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल डिफरन्शियलपाशी झुलतात. त्याच चॅसिसवर पुढे ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी राहिली आणि तिलाही हाच दोष चिकटला. वळणात पाय सोडला की वजन पुढे जाते, मागची बाजू वर उचलली जाते, बाहेरचे चाक खालून आत वळते आणि टायर कडेवर उभा राहतो. पकड एकदम सुटते. पट्टा वाढवून तुम्ही मागची उंची वाढवली, म्हणजे चाक आधीच त्या वाकड्या स्थितीच्या जवळ नेऊन ठेवले. मागे उभे राहून बघा: चाके वरून बाहेर आणि खालून आत झुकलेली दिसत असतील तर मागची बाजू गरजेपेक्षा उंच आहे. ती उभी, किंवा वरून किंचित आत झुकलेली दिसायला हवीत. नंतरच्या गॅझेलला सरळ अॅक्सल दिला गेला, त्यामुळे तिचा अनुभव सांगणाऱ्यांचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

मागच्या टायरात पुढच्यापेक्षा ४ ते ६ पीएसआय हवा जास्त ठेवा. हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजा. दुपारी पंपावर भरलेली हवा सकाळच्या गारठ्यात सुमारे ३ पीएसआयने कमी भरते. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३२१६ म्हणजे २०१६ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर आपल्या उन्हाने दगड झालेले असते आणि थंड ओल्या डांबरावर ते धरत नाही. आणि वळणाच्या आधीच वेग कमी करून वळणात पाय हलका दाबलेला ठेवा. त्या गाडीला तेच मानवते.

प्रश्न: जुन्या गाडीला डायनॅमो आहे. घर ते शाळा सहा किलोमीटर, पहाटे लाइट लावून. नवी बॅटरी दोन आठवड्यांत बसते. सेल्फ जास्त खातो का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर: सेल्फ नाही, लाइट खातात. सेल्फ १५० अँपिअर ओढत असला तरी पाच सेकंदांचे ते ०.२ अँपिअर-तास होतात. दोन हेडलाइट, मागचे दिवे आणि इग्निशन मिळून १४-१५ अँपिअर लागतात. वीस मिनिटांत पाच अँपिअर-तास. डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही, गावातल्या हळू चालीत थोडेसेच. रोज थोडी तूट, आणि पंधराव्या दिवशी बॅटरी हात वर करते.

रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्टेज १२.६ हवे. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन २,००० आरपीएमवर असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. नसेल तर आधी फॅनबेल्ट बघा, मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिलिमीटर दबावा. मग रेग्युलेटर. सगळे बरोबर आले तर दोष गाडीचा नाही, खेपेचा आहे. आठवड्यातून एक रात्र ४ अँपिअरचा चार्जर लावा.

प्रश्न: माझी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. व्हिंटेज नंबर घेतला तर रोज वापरता येईल ना? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नाही, उलट होईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, फारशी न बदललेली खासगी दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण तशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्तीला नेणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. रोज चालवायची असेल तर सध्याचाच नंबर ठेवा. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी नोंदणीची नूतनीकरणे आणि विमा चुकवू नका.

प्रश्न: शेतातल्या शेडमध्ये गाडी असते. दर हिवाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात. — एक वाचक, धाराशिव

उत्तर: खरिपाचे पीक निघाले की उंदरांना रानात आसरा उरत नाही आणि तुमचे बॉनेट उबदार असते. शेडमधून पेंड, सोयाबीनची पोती आणि कापूस हलवा, अर्धे काम तिथेच होते. रात्री बॉनेट उघडे ठेवा, अंधार मोडला की घरटे होत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाला ६ मिलिमीटरची जाळी लावा. आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी फिल्टरचा डबा उघडून बघा. कापसाचे बोळे कार्बोरेटरपर्यंत गेलेले असतात आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर पेटतात. कुरतडलेल्या वायरला नुसती टेप गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून नवा सोल्डर करा, वर हीट श्रिंकची नळी चढवा, आणि पेट्रोलची रबरी नळी त्याच वेळी दोन्ही टोकांपर्यंत हाताने चाचपून बघा. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी नळी घ्या. साधी काळी नळी आतून फुगते आणि तिच्यावरचे दाताचे व्रण गाडी तापल्यावरच गळायला लागतात.